सावनेरच्या शेततळ्यातलं पापलेट

नागपूर,
कोजागिरी होऊन तीन दिवस झाले

तीर्थस्वरूप प्रेमलताताई यांच्या पायाशी धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे वामनचा, साष्टांग दंडवत. (दंडवत मनातल्या मनात घातला आहे. गुडघा हल्ली जमिनीपर्यंत जातो, पण परत वर यायला तयार नसतो.) तुमचा दमा कसा आहे? अंगणातल्या नारळांना यंदा फळधारणा बरी आहे ना? फोनवर विचारलं असतं, पण तुम्ही फोनवर "मी बरी आहे, ठेवते" एवढंच बोलता. शिवाय आम्ही लहानाचे मोठे झालो ते आकडसासूला पत्रच लिहायचं या रिवाजात. (आमच्याकडे बायकोच्या थोरल्या बहिणीला आकडसासू म्हणतात. सासूएवढा मान आणि सासूपेक्षा थोडी जास्त भीती, असं ते नातं आहे.) तुम्ही चाळीस वर्षं दापोलीकडच्या शाळेत मराठी शिकवलंत, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं दाखवाल हे गृहीत धरूनच लिहितो. इकडे शोभा खुशाल आहे. मीही खुशाल आहे. दसऱ्यानंतर आम्ही लेकीच्या सासरी, सावनेरच्या बाजूला, सहा दिवस राहून आलो. त्याची हकीकत तुमच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाण्याआधी माझ्याकडून गेलेली बरी.

सुरुवात गुंजनच्या लग्नापासून करावी लागेल. (तुम्ही दम्यामुळे येऊ शकला नव्हतात, म्हणून सांगतो.) मांडवात मी आणि आमचे व्याही रुपराव शेजारी शेजारी बसलो होतो. ते कापूस आणि संत्र्याचे शेतकरी, मी भूमी अभिलेखातला निवृत्त मोजणीदार. शेतकऱ्यानं मोजणीदाराशी काय बोलावं? तीस वर्षं मी ज्या ज्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहिलो तिथे दोन भावांचं भांडण लागलेलं होतं. शेवटी त्यांनीच विचारलं की आता रिकाम्या वेळात काय करता. खरं उत्तर होतं, "पेपर वाचतो आणि झोपतो." पण व्याह्यासमोर असं कसं सांगणार? माझ्या तोंडून निघून गेलं, "मासे पकडतो." ताई, त्या दिवसापर्यंत मी मासा फक्त ताटात पाहिला होता, आणि तोही काटे काढलेला. रुपरावांचे डोळे चमकले. म्हणाले, "मंग आमच्या शेततळ्यावर या ना गा. हातभर रोहू आहेत." मी म्हणालो, येतो. माणूस मांडवात काहीही म्हणतो.

पण जाणं झालंच नाही, कारण त्याच मांडवात तासाभरानं टोपीचं प्रकरण झालं. आहेरात रुपरावांच्या मामांना जी टोपी आमच्याकडून गेली ती त्यांच्या डोक्यावर बसेना. मामांनी ती दोन्ही हातांनी खाली ओढली, तर ती उडून अक्षतांच्या ताटात पडली. चार लोक हसले, त्यातला एक मी होतो. झालं! मुलीकडच्यांनी मामाला मुद्दाम लहान टोपी घातली, असं गावभर झालं. दीड वर्ष आम्ही दोघे व्याही "नमस्कार" आणि "बरं आहे" याच्या पुढे गेलो नाही. मागच्या दिवाळीला तर "बरं आहे"सुद्धा शोभाच्या मार्फत आलं.

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी गुंजनचा फोन आला. (तुम्हाला कळलंच असेल, पाचवा महिना चालू आहे.) ती माझी लेक असली तरी बोलणं तुमच्या वळणाचं आहे. म्हणाली, "बाबा, बारशाला दोन आजोबा एकमेकांकडे पाठ करून बसलेले मला चालणार नाहीत. मासे धरायला तुम्हाला बोलावलंय ना? जा. रविवारी मी आणि सुशील तिथेच येतो." शोभानं लगेच बॅग भरली. माझी मात्र पंचाईत झाली. व्याह्यांची माफी मागायला मी तयार होतो, ताई, पण त्यांच्यासमोर मासा कुठून काढणार?

ऑफिसातल्या मंडळींनी निरोपाच्या वेळी दिलेला गळ घरात होता. (त्यांनाही मी हेच सांगितलं होतं. एकदा सांगितलेलं खोटं माणसाला बदलता येत नाही.) गच्चीवरून तीन दिवस सराव केला. पहिल्या दिवशी शेजारच्यांची टॉवेल वाळत घातलेली दोरी अडकली, दुसऱ्या दिवशी माझीच बनियन. तिसऱ्या दिवशी मी गुपचूप सदर बाजारात गेलो आणि एका दुकानातून मासा विकत आणला. दुकानदारानं विचारलं, "कौनसी दूं?" मी म्हणालो, "दिखने में अच्छी होनी चाहिए." त्यानं बर्फातून एक रुपेरी, चपटी, ताटलीसारखी गोल चीज काढून दिली. मला फार आवडली. बर्फाच्या डब्यात घालून ती गाडीच्या डिकीत, माझ्या रेनकोटखाली दडवली. ऐन ऑक्टोबरच्या उन्हात रेनकोट कशाला, हे शोभानं विचारलं नाही, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

गावात पोहोचलो तर स्वागत अगदी रीतसर झालं. पाय धुवायला पाणी, गूळ, चहा, आणि शब्द एकही जास्त नाही. विहीणबाई मनकर्णाबाई शेतातून नुकत्याच आल्या होत्या. कापसाच्या पहिल्या वेचणीला शेतात दहीभात ठेवून पूजा करतात, ती सीतादही त्या दिवशी होती, म्हणून प्रसाद मिळाला. ओसरीवर रुपरावांची आई बायजाबाई बसलेल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, दात चार, पण नजर अशी की माझ्या मोजणीच्या दुर्बिणीला लाजवेल. शोभानं धंतोलीच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्सगिरी केली आहे हे गावात कसं पसरलं कोण जाणे. अर्ध्या तासात अंगणात ब्लडप्रेशर मोजायला रांग लागली. मामासुद्धा रांगेत होते. (त्यांचं वाढलेलंच निघालं. माझ्याकडे पाहत असताना मोजलं म्हणून असेल.)

ही संधी साधून मी मासा रेनकोटात गुंडाळून काखेत मारला आणि गळ घेऊन एकटाच शेततळ्यावर गेलो. संत्र्याच्या झाडांपलीकडे प्लॅस्टिक अंथरलेलं मोठं चौकोनी तळं, पाणी स्वच्छ, वर निळं आभाळ. इतकं सुंदर होतं की खोटेपणा करायला लाज वाटली. पण केला. मासा दगडासारखा गोठलेला होता. गळ काही केल्या तोंडात शिरेना, शेवटी कल्ल्याखालून दोरी बांधली आणि हळूच पाण्यात सोडला. बोटं बधिर झाली होती. ती काखेत धरून मी प्रेक्षकांची वाट पाहत बसलो. दहा मिनिटांनी रुपराव आले. हातात चहाची किटली, मागे काठी टेकत बायजाबाई. रुपरावांचा चेहरा मात्र पडलेला होता. एकदा तळ्याकडे पाहत, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, टोपीच आठवते आहे. आता वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. मी "लागला! लागला!" असं ओरडलो आणि गळ ओढला.

मासा वर आला, ताई, आणि माझ्या पायाशी "टक्" असा वाजला. मासे वाजत नाहीत हे मलाही माहीत आहे.

रुपरावांनी किटली खाली ठेवली. मग घसा खाकरून म्हणाले, "वा इवाई, वा! ही जात मी यंदाच सोडली होती." (व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. दीड वर्षानं त्यांनी मला त्या नावानं हाक मारली, तीही असल्या वेळेला.) मी म्हणालो, तरीच म्हटलं, चांगली वाढली आहे. ते म्हणाले, "पाणीच तसं आहे ना गा आपलं." आम्ही दोघंही इतक्या अदबीनं बोलत होतो की तो मासा तसाच मखरात बसवला असता. तेवढ्यात बायजाबाई वाकल्या, एक बोट माशाला लावलं आणि झटक्यात मागे घेतलं.

"अरे रुपराव, याले तं बरफ लागला आहे! आपलं पानी काहून एवढं थंडं झालं गा?"

मी जमिनीकडे पाहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईसमोर तिसरं खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती. म्हणालो, "आजी, हा सदरच्या दुकानातला आहे. मला मासे धरता येत नाहीत. कधीच येत नव्हते." आणि आता काय ते एकदाचं होऊन जाऊ दे म्हणून पुढे जोडलं, "आणि रुपराव, टोपीच्या वेळी मी हसलो होतो. चुकलं माझं."

रुपराव धप्पकन बांधावर बसले. खांदे हलायला लागले. मला वाटलं, संतापले. बायजाबाईंना वाटलं, झटका आला. त्या शोभाला हाका मारणार तोच ते मान वर करून म्हणाले, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं हसून हसून, "अहो इवाई, या तळ्यात मासाच नाही! एक नाही! पावसाळ्यात तळं उतू गेलं अन् सारे रोहू नाल्यानं वाहून गेले. तुमी येऊन राहिले म्हटल्यावर चार दिस झाले, मले जेवण गोड लागून नाही राहिलं. काल सावनेरच्या बाजारातून जिते मासे आनून सोडले, तं सकाळी सारे उलटे तरंगत! संत्र्याच्या झाडाखाली पुरले मी, बायकोलेही न सांगता."

"अन् टोपी?" मी विचारलं.

"टोपी लहान नव्हतीच गा. मामाचं डोकंच मोठं आहे. मीही हसलो होतो, फक्त तुमच्या मागं उभा होतो."

ताई, दीड वर्ष! एवढ्या मोठ्या डोक्यापायी दीड वर्ष आम्ही वाया घालवलं. तिथेच बांधावर बसून आम्ही किटलीतला सगळा चहा प्यायलो, आणि घरी जाईपर्यंत तीनदा थांबून हसलो. मनकर्णाबाईंनी मासा पाहताक्षणी सांगितलं की हे पापलेट आहे, समुद्रातलं. त्याला तिखट वऱ्हाडी मसाल्यात घालून त्यांनी असा रस्सा केला की त्याला आपण कुठून कुठे आलो याचा पत्ताच लागला नसेल. माणसं सहा, मासा एक. (सहावे मामा. मी स्वतः जाऊन, हात धरून बोलावून आणलं.) सगळ्यांत मोठा तुकडा बायजाबाईंनी खाल्ला, कारण शोध त्यांचा होता.

नंतरचे दिवस म्हणजे नुसती मजा. आम्ही चौघं आमच्या लाल गाडीत बसून जवळच्या धरणावर गेलो. रुपरावांनी गळ फेकला तो स्वतःच्याच अंगठ्यात. शोभानं शांतपणे चष्मा लावला, पक्कड मागितली, आणि त्यांना कपाशीचा भाव विचारता विचारता आकडा काढून मोकळी झाली. मग अंगठ्याला पट्टी बांधेपर्यंत "हे जरा धरते" म्हणून तिनं माझा गळ हातात घेतला, तर त्याला चांगली हातभर मरळ लागली! शोभा किंचाळली, तिनं मरळीची माफी मागितली आणि तिला परत पाण्यात सोडून दिलं. मी आणि रुपराव किनाऱ्यावर उभं राहून सहा दिवसांतला आमचा एकमेव खरा मासा जाताना पाहत होतो.

रविवारी गुंजन आणि जावईबापू आले. पोर गाडीतून उतरली तीच गंभीर चेहऱ्यानं. अंगणात पाहते तो एकाच खाटेवर दोन्ही आजोबा, मध्ये संत्र्यांची टोपली, आणि मामा टोपी घालून दाखवताहेत. ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "मी सावनेरपर्यंत भाषण पाठ करत आले होते." आणि रडायला लागली. मनकर्णाबाईंनी तिला जवळ घेतलं. रुपराव मला हळूच म्हणाले, "इवाई, बारशाले टोप्या मापं घेऊनच आणू." मग मलाही थोडं रडू आलं. तिखटानं आलं असं सांगितलं.

परतताना मी शोभाला म्हणालो, तुला न सांगता मासा नेला, माफ कर. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "जाताना सावनेरला तुम्ही चहा प्यायला उतरलात, तेव्हा बर्फ कुणी बदलला असं वाटतं तुम्हाला?"

असो. तब्येतीला जपा, सकाळच्या गारव्यात बाहेर बसू नका. लेखनसीमा, कारण शोभा चुलीवरचं दूध माझ्या भरवशावर सोडून गेली आहे.

आपला आज्ञाधारक,
वामन

ता. क. : पापलेट कुठे राहतं, हे बायजाबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं. मी म्हणालो, समुद्रात. त्या म्हणाल्या, "मले समुद्र पायचा आहे. चौऱ्याऐंशी झाले, आता कवा पाहू?" मी सहज म्हणून गेलो की आमच्या ताई समुद्राच्या काठावरच राहतात, घर मोठं आहे आणि मन त्याहून मोठं आहे.

ता. क. दुसरा : आम्ही पाच जण आहोत. मी, शोभा, रुपराव, मनकर्णाबाई आणि बायजाबाई. दिवाळीच्या आत परतू. बायजाबाईंना खाली झोपायला चालतं, रुपराव घोरतात, त्यांना पडवीत टाकावं.

ता. क. तिसरा : हे पत्र पोस्टात टाकणार होतो. पण शोभा म्हणाली, पोचायला आठ दिवस लागतात, आपण त्याआधीच पोचू. म्हणून सोबतच आणलं आणि दाराच्या फटीतून आत सरकवलं आहे. वाचून झालं असेल तर दार उघडा. आम्ही अंगणात नारळाखाली उभे आहोत, आणि बायजाबाई विचारताहेत, हा आवाज समुद्राचाच ना?