संथ भागातलं पान

करंजाडे, मंगळवार

प्रिय मैत्री,

आपली मोझार्टची ध्वनिमुद्रिका अखेर आली. ‘आपली’ म्हणतोय खरा, पण वादकांच्या यादीत तुझं नाव नाही. तुझ्या जागी नंतर आलेल्या फजलचं आहे. मी यादी दोनदा वाचली आणि माझं छापील नाव बघून तोंड लपवावंसं वाटलं.

वाशीच्या हॉलमधली ती दुपार तू विसरली नसशीलच. आवाज नको म्हणून पंखेसुद्धा बंद, घामानं व्हायोलिन हनुवटीखालून निसटत होतं. संथ भागाचा सहावा टेक, आणि पुढे उभे राहून व्हायोलिन-व्हायोला वाजवणारे ते दोघे पाहुणे पहिल्यांदाच एकजीव झाले होते. आपल्या दोघांत स्वरलिपीचा एक स्टँड, तू आतल्या खुर्चीवर, मी बाहेरच्या. आतल्या खुर्चीवरच्यानं पान उलटायचं, बाहेरच्यानं वाजवत राहायचं, हा नियम. पुढच्या दोन ओळी तुला पाठ होत्या, म्हणून पानाचा आवाज झाकला जावा अशी तू वाद्यं चढायची वाट बघत थांबलीस. मला पाठ नव्हत्या. आळशी माणूस मी, घाबरून मीच हात घातला आणि पान खर्रकन वाजलं.

टेक संपताच वाद्यवृंदाच्या सरांनी कुणाला विचारलंसुद्धा नाही. आतल्या खुर्चीकडे बघून तुला सगळ्यांसमोर झापलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. मी खाली मान घालून गजाला राळ लावत बसलो. मानाच्या पहिल्या स्टँडसाठी माझं नाव चाललं होतं ना! ती जागाही मिळाली मला.

पाहुण्यांना पुन्हा तसं वाजवता आलं नाही, म्हणून टेक तोच ठेवलाय, आवाजासकट.

रविवारी कामोठ्याला तुझ्या आईकडे गेलो. नाशिकच्या शाळेत नोकरी लागली म्हणून तू इथलं सोडलंस, असंच केशरमावशी समजतात. फोनवर तो भाग लावला, तर सारखं विचारायला लागल्या, यात आमची मैत्री कुठली? एवढ्या व्हायोलिनांत काय दाखवणार? काहीतरी बोलायचं म्हणून स्टँडचा नियम सांगून बसलो. तेवढ्यात तो आवाज आला. मावशींनी फोन कानाशी धरला.

“हे पान माझ्या पोरीनं उलटलं ना? कळला बघ मला तिचा हात.”

मी मान डोलावली. मग त्यांनी तेवढाच तुकडा तीनदा लावायला लावला.

आज सरांना सगळं खरं सांगून आलो, खुर्चीही सोडली. ते जमलं. पण मावशींना खरं सांगायचं, तर त्यांच्याकडून तेवढा एक आवाजही काढून घ्यावा लागेल. घेऊ का, ते तू सांग.

तू म्हणू देशील तर अजून तुझाच,
सुगत