लेकीने ढिगाने पाठवलेली सफरचंदं

५ नोव्हेंबर, सकाळ
संकल्प: शेजाऱ्यांशी संबंध वाढवणे. सुपरमार्केटमधून सफरचंदांची पेटी आणली. उत्तर जपानातल्या आओमोरीची. माझी मुलगी चिझुरू तिकडेच असते, त्यामुळे खोटं असं फारसं नाही.

संध्याकाळ
आपल्याकडे ‘तुमच्यासाठी विकत आणली’ म्हटलं की समोरचा अवघडतो. ‘ढिगाने आलीत, एकट्याला संपत नाहीत, उपकार करा’ म्हटलं की घेतो. तसंच म्हटलं. शेजारच्या निशिवाकीबाईंनी विचारलं, लेकीनं पाठवली वाटतं? हो म्हणालो. वीस मिनिटं गप्पा. योजना यशस्वी.

६ नोव्हेंबर
बाईंनी परतभेट म्हणून शिजवलेला भोपळा दिला. भांडं रिकामं कसं परत करणार? आणखी सफरचंदं.

१४ नोव्हेंबर
दुसरी पेटी. बाई म्हणाल्या, अगोबाई, पुन्हा? ही लेक आहे की बाग? फोन करते का? वरचेवर, म्हणालो. सोयीचा शब्द. आकडा कोणी विचारत नाही. शेवटचा फोन गेल्या वर्षी मेमध्ये. बिझी असते बिचारी.

२२ नोव्हेंबर
तिसरी पेटी, आठ घरं. मुळे, लोणची, भोपळा, सगळं ढिगाने परत आलं. फ्रिजचं दार लागत नाही. जेवायला मी एकटा. आता पुरे. उद्यापासून खरं बोलायचं.

२३ नोव्हेंबर
खरं बोलणं पुढे ढकललं. थंडी फार. बाईंनी चिझुरूचा पत्ता मागितला, आभाराचं पत्र लिहायचंय म्हणाल्या. न देऊन सांगतो कोणाला! आणि एका परीने बरंच झालं. पत्र वाचून तिला लाज वाटेल, फोन करेल. नववर्षाला येईलसुद्धा. पाहुण्यांची गादी उन्हात टाकली.

१ डिसेंबर
फोन नाही. रिसीव्हर उचलून पाहिला, चालू आहे. गादी पुन्हा उन्हात.

४ डिसेंबर, दुपारी ३
निशिवाकीबाई दारात. त्यांचं पत्र परत आलं. वर शिक्का: या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही. शिक्क्याकडे न बघता त्या म्हणाल्या, पोस्टाच्या अशा चुका वरचेवर होतात हो काका, मनाला लावून घेऊ नका.

मी छत्तीस वर्षं याच गावात पत्रं वाटली. घराची कडी वाजवून, शेजारी विचारून, मगच हा शिक्का मारायचा असतो. माझी मुलगी कुठे राहते, मला माहीत नाही.

हो, म्हणालो. ढिगाने होतात.