आधी गोळी, मग आंबील

प्रिय आई,

हे पत्र आपली धाकटी हर्षदा तुला वाचून दाखवील. हर्षदा, मधलं काही गाळायचं नाही, आणि आईचे डोळे भरले म्हणून थांबायचंही नाही. फोन केला की तू गुरं सोडायचीत म्हणून तो हिच्या हातात देतेस. आपल्या साखरशेत गावात गुरं दिवसभर कोण सोडतं गं? म्हणून म्हटलं, लिहावंच.

इकडे जव्हारला सगळं बरं आहे. आठवा महिना लागलाय. देवानंद रोज मोखाड्याच्या आश्रमशाळेतून शिकवून येतो आणि आल्या आल्या स्वयंपाकात लुडबुड करतो. परवा त्याने भाजीत दोनदा मीठ टाकलं. मी अशी भांडले म्हणतेस! तो मात्र खुशीत, म्हणाला, किती दिवसांनी घरात बायको असल्यासारखं वाटलं. मलाही ते पटलं, कारण मधल्या महिन्यांत मला राग येत नव्हता, हसू येत नव्हतं, काहीच येत नव्हतं. नुसतं रडू यायचं, तेही कशाचं ते कळायचं नाही.

तुला ते दिवस माझ्यापेक्षा जास्त आठवत असतील. भर उकाड्यात मी गोधडी घेऊन बसायची, केस विंचरायचाही कंटाळा, ऑफिसात एकच कागद चारदा वाचायची. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं की थायरॉइड कमी पडतंय, त्याने अंग जड होतं आणि मनही उतरू शकतं, गोळी चालू करू. तेव्हा तू गाव सोडून माझ्यापाशी राहायला आलीस. तरी मन काही उभारी धरेना, म्हणून मला काही बाहेरची बाधा आहे का ते बघायला तू बुधा भगताकडे तांदूळही दाखवून आलीस. देवानंद चिडला होता. मी नाही चिडले. कुणीतरी माझ्यासाठी दारोदार फिरतंय एवढं मला दिसत होतं, फक्त ते आत कुठे पोचत नव्हतं.

शिरपामाळचा रविवार आठवतो? माझं मन रमावं म्हणून देवानंद आपल्याला तिथे फिरायला घेऊन गेला होता. तिथे बसल्या बसल्या बाळ पहिल्यांदा हललं. मी कुणीतरी पत्ता सांगावा तसं ते तुला सांगितलं. तू लगेच हात ठेवलास, आणि तुझा चेहरा असा उजळला की शेजारच्या अनोळखी बायका हसायला लागल्या. मी तुझा हात बाजूला केला. रागाने नाही गं, मला फक्त आडवं व्हायचं होतं. बाळ आता रात्रंदिवस लाथा मारतं, पण ते पहिलं हलणं काही परत येत नाही. ते माझ्या पोटात होऊन गेलं आणि मीच तिथे नव्हते. त्याचं वाईट वाटतं, फार वाटतं.

आणि तुला जे वाईट वाटतं, त्यावर आता बोलते. रोज सकाळी मी गोळी हातात घेतली की तू म्हणायचीस, "पोटात कायी नाही नं गोळी खातंस? आधी आंबील पी." आपल्याकडे गरोदर बाईला उपाशीपोटी पाणीसुद्धा देत नाहीत. तू नाचणीची आंबील भरून द्यायचीस आणि तिच्यासोबत सगळ्या गोळ्या एकदम, थायरॉइडची, लोहाची, कॅल्शियमची, म्हणजे एकही चुकायला नको. थायरॉइडची उपाशीपोटी घ्यायची हे मला सांगितलेलं होतं, पण तेव्हा ऐकलेलं डोक्यात टिकत कुठे होतं?

मग गोळी वाढवूनही तपासणीत फरक दिसेना, तेव्हा बाईंनी विचारलं, घेता कशी? मी तोंड उघडायच्या आत तूच सांगितलंस, अगदी मान ताठ करून, मी माझ्या हाताने देते, एक दिवस खाडा नाही. बाई रागावल्या नाहीत. आंबील, लोह आणि कॅल्शियम सोबत असलं की ही गोळी अंगाला नीट लागत नाही, एवढंच त्यांनी समजावलं. बाहेर बाकावर बसून तू एकच वाक्य बोललीस, "माझेच हातानी बिघाडला." दुसऱ्या दिवशी उठले तर तुझी पिशवी नव्हती. डेपोतून पहिल्या एसटीने तू गेली होतीस, आणि पातेल्यात आंबील झाकून ठेवली होती. त्या दिवशीही.

आता गोळी उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर घेते, पोटात बाकी काही तासाभराने. लोह दुपारी, कॅल्शियम रात्री. मागच्या तपासणीत आकडा ठीक आला आणि बाळाची वाढही चांगली आहे. जन्मल्यावर त्याचंही रक्त तपासतील, तेवढी धाकधूक आहे, ती तुझ्यापासून कशाला लपवू? माझं मन हळूहळू माघारी येतंय. पण आलं तेव्हा घरात तू नव्हतीस.

पत्र लिहायचं कारण हे की हर्षदाने मला सांगितलं. माझ्या बाळंतपणाला, मालिशीला, न्हाऊ घालायला तू पोशीमावशीला विचारून ठेवलंयस म्हणे, कारण तुझा हात तुला आता बाळाला लावायचा नाही. पोशीमावशी चांगली आहे, पण मला ती नको. मला एसटीने धक्के खात गावी यायला बाईंनी मनाई केलीय, त्यामुळे यायचं तुलाच आहे. नाचणीचं पीठ घेऊन ये. सकाळी मी गोळी घेईन, तासभर आपण दोघी बोलत बसू, मग तू आंबील दे. आणि बाळ हललं की हात ठेव. या वेळी मी तो धरून ठेवीन.

तुझीच,
रविना