बंडूचा राजीनामा

१९ ऑगस्ट, मंगळ

सकाळी बाड्यावर, चौकातल्या नेहमीच्या बाकावर. दुबेजींच्या मोबाइलवर ती क्लिप ऐकली. सगळं ग्वाल्हेर कालपासून ऐकतंय म्हणे, मीच काय तो मागे. "अपना लड़का है, देख लेना." मग कुणाचे तरी रोल नंबर, मग हसणं. आवाज बंडूचा. नकली-बिकली काही नाही. ते हसणं मी सहावीपासून ओळखतो, आधी नाकातून येतं, मग तोंडातून.

तीन वर्षांपूर्वीच्या भरतीत शिफारशीवर पोरं लावली, असा आरोप. दुबेजी म्हणाले, "मास्साब, आपके मंत्रीजी तो गए." चॅनेलवाले म्हणतात संध्याकाळपर्यंत राजीनामा. माझा चहा हातातच गार झाला.

बंडू. आमच्याबरोबर चिंचा पाडणारा बंडू, जो आपल्या वाट्याच्या पण दुसऱ्याला द्यायचा. विश्वास बसत नाही, आणि आवाज तर या कानांनी ऐकला.

२१ ऑगस्ट, गुरु

राजीनामा नाही. टीव्हीच्या खालच्या पट्टीवर "इस्तीफे की अटकलें तेज" तेवढं फिरतंय.

बाड्यावर मी स्पष्ट बोललो. मित्र असला म्हणून काय झालं? आरोप झाला की खुर्ची सोडायची आणि चौकशी होऊ द्यायची. नैतिक जबाबदारी म्हणून काही चीज असते की नाही? पस्तीस वर्षं गणित शिकवलं, एका पोराला अर्धा मार्क फुकट दिला नाही. शेजारच्या बाकावरचे दोघे उठून ऐकायला आले. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

घरी सौ.ला तेच ऐकवलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "हळू बोला, खिडकी उघडी आहे." हरिशंकरपुरममध्ये घर बांधल्यापासून हिला पहिल्यांदा खिडकीची आठवण झाली.

मंदार संध्याकाळच्या गाडीने मुरैन्याहून आला. चिरंजीवांची नोकरी त्याच भरतीतली. ऑफिसात सगळे एकमेकांकडे बघतात म्हणाला. मी म्हटलं, "तुला काय भीती? तू मेरिटवर लागलायस." "हां बाबा," म्हणाला आणि हात-पाय धुवायला गेला.

२४ ऑगस्ट, रवि

भाजीला निघालो तर इंदरगंज चौकात रस्ता बंद. बंडूचा पुतळा जाळत होते. सगळी परीक्षेत राहिलेली पोरं. एक जण पोलिसाला धरून सांगत होता, "दो नंबर से रह गए सर, दो नंबर से." रडत होता. पोलीस बिचारा नुसता मान हलवत होता. मला राहवलं नाही. मीही ओरडलो, "इस्तीफा दो." या वयात. घसा बसला, भाजी राहिली.

जेवताना दोघांना त्या पोराचं सांगितलं. मंदारने घास ठेवला. मग परत उचलला.

नंतर सौ.ने विषय काढला, महालक्ष्म्यांचा. दरवर्षी पूजेच्या दिवशी बंडू आणि कुंदा हेच आमचं मेहूण. आमच्या लग्नापासून. बंडू तेव्हा साधा पार्षद, म्हणजे नगरसेवकही नव्हता. लक्ष्मीनारायण म्हणून दोघांचे पाय धुवायचे, जेवू घालायचं, मग आपण जेवायचं. मी म्हटलं, "यंदा नाही. दुपारी ज्याचा पुतळा जळताना बघून आलो, त्याचे पाय कसे धुऊ?"

"कुंदाला मी गेल्या वर्षी निघतानाच सांगितलंय. देवीचं आमंत्रण परत घेता येत नाही."

"मी घेतो."

तर ही रडायलाच लागली. एवढ्याशा गोष्टीला? काही कळेना.

२८ ऑगस्ट, गुरु

काल गणपती बसले. आज हे.

टीव्हीवर सांगत होते, मंत्री गेले की नवा माणूस सगळ्या नेमणुका पहिल्यापासून तपासणार. मी म्हटलं, "तपासा, अगदी एकूण एक तपासा." सौ.ने उठून टीव्ही बंद केला. उभ्यानेच म्हणाली, "तीन वर्षांपूर्वी महालक्ष्म्यांना कुंदाची ओटी भरताना मी म्हटलं होतं. पोराला तुमच्या ओटीत घालते. तेवढं बघा."

आधी समजलंच नाही. मग समजलं.

त्या वेळी मी बाहेरच्या खोलीत बंडूच्या पायांवर पाणी घालत होतो. मध्ये एक भिंत.

खूप ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती नाही ओरडली. म्हणाली, "चार वर्षं पोरगा घरात बसून होता. तीनदा नापास. तुम्ही सकाळी उठून बाड्यावर जायचात. त्याचं तोंड दिवसभर मी बघत होते." मग म्हणाली, "मी फक्त म्हटलं. पुढे कुणी काही केलं का, मला माहीत नाही. कुंदाने पुन्हा विषय काढला नाही, मी विचारलं नाही. नसेलही केलं. अभ्यास तर त्याने केलाच होता."

काखेत कळसा आणि मी सगळ्या बाड्याला वळसा घालून आलो.

आज पुढे नाही लिहवत.

३० ऑगस्ट, शनि

बाड्यावर गेलो नाही. दुबेजींचा फोन. "तबीयत तो ठीक है, मास्साब?" घसा बसलाय म्हटलं.

मंदारचं गणित मीच घेतलं होतं. शेकडेवारी, काळ-काम-वेग, सगळं पक्कं. तर्काच्या प्रश्नांत कच्चा. पास झाला असता का? झाला असता. झालाच असता. सकाळपासून हेच घोकतोय, आणि गणिताचा मास्तर असून उत्तर येत नाही.

सौ. म्हणाली, मंदारला सांगायचं नाही. मी म्हटलं, नाही. इतक्या वर्षांत आम्हा दोघांचं पहिल्या वाक्याला एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.

संध्याकाळच्या आरतीला हात जोडले आणि मनात आलं, बंडूने राजीनामा देऊ नये. लाज वाटली. तरी लिहून ठेवतो.

१ सप्टेंबर, सोम. महालक्ष्मी पूजन

आले. आमंत्रण मी परत घेतलंच नव्हतं. कुंदाच्या भावाच्या गाडीतून, मागच्या गल्लीने. पोलीस नाही, माणसं नाहीत. बंडू उतरला तर सदरा खांद्यावरून लोंबत होता. दोन आठवड्यांत माणूस निम्मा झालाय.

पाटावर बसवलं. मी पाणी घालायला लागलो. सौ. आणि कुंदा आत ओटी भरत होत्या. ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

"बंडू, माझ्या पोराचं तू काही केलं होतंस का?"

"कशाचं?"

"भरतीचं. मंदारचं."

बंडू विचार करायला लागला. नाटक नाही, खरंच आठवत होता. मग म्हणाला, "सदा, कुंदा मला म्हणाली असेल. मी कुणाला तरी म्हटलं असेन. आठवत नाही रे. रोज इतके जण येतात. अपना लड़का है म्हणायचं आणि पुढच्याला बोलवायचं."

"म्हणजे हो की नाही?"

"ते मला कसं ठाऊक?"

तांब्या माझ्या हातात तसाच. हो म्हणाला असता तर रागावलो असतो, नाही म्हणाला असता तर मिठी मारली असती. याला आठवतच नाही. माझ्या घराचं सगळं ज्यावर टेकलंय ते याने म्हटलं असेल किंवा नसेल, आणि याला आठवत नाही.

वर बघतो तर दारात मंदार. पंचा घेऊन. पाय पुसायचं काम लहानपणापासून त्याचंच, आज त्यासाठी रजा घेतली होती. किती ऐकलं कोण जाणे. सगळंच ऐकलं असणार.

खाली बसला. बंडूचे दोन्ही पाय पुसले, बोटांच्या मधलंसुद्धा. नमस्कार केला. बंडू म्हणाला, "यशस्वी हो." मंदार पंचा घेऊन आत गेला.

बंडू तीन पुरणपोळ्या जेवला. कटाची आमटी दोनदा मागून घेतली, घरी गेले कित्येक दिवस धड जेवण नाही म्हणाला. निघताना विचारलं, "देणार का?" विडा तोंडात घालत म्हणाला, "वरून सांगतील तसं. मला कुठे काय विचारतात." कुंदाला सौ.ने नेहमीप्रमाणे पुढच्या वर्षीचं आमंत्रण दिलं. कुंदा मान खाली घालून हो म्हणाली.

मंदार जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणे.

२ सप्टेंबर, मंगळ

महालक्ष्म्या उठल्या. सौ.ने मुखवटे पुसून डब्यात ठेवले. मंदार मुरैन्याला गेला, आला, झोपला. 

४ सप्टेंबर, गुरु

आज दुबेजी घरीच आले, केळी घेऊन. "आप नहीं हैं तो बाड़े पर मज़ा नहीं आ रहा. अब आप ही बताइए, इस्तीफा होना चाहिए कि नहीं?" मी घशाकडे बोट दाखवलं. मंदार समोरच बसला होता, ऑफिसच्या कपड्यात. आत्ताच आला होता.

दुबेजी गेले. सौ.ने पानं वाढली. मंदार ताटावर बसला आणि म्हणाला, "बाबा, ते तुम्ही बाड्यावर म्हणता ना, ते मला एकदा पूरा सुनाइए. आरोप झाला की काय करायचं असतं?"

"तुझ्यावर कुठे आरोप आहे?"

"नाहीये. पण मी पास झालो की नाही ते कुणालाच माहीत नाही. बंडूकाकांना नाही, आईला नाही. मुझे भी नहीं पता, बाबा. इतके दिवस मला वाटत होतं की मी झालो."

सौ. आत ओट्याशी होती. नळ बंद झाला.

"आणि तो पोरगा? दो नंबर वाला? तुम्हीच सांगत होतात."

मी भाताकडे बघत होतो.

"मी राजीनामा देऊ का?"

अगदी सरळ विचारलं. शाळेत असताना गणित अडलं की वही पुढे सरकवायचा, तसंच. त्याची नोकरी गेली तर पुन्हा ती चार वर्षं सुरू होतील. या वयात आता परीक्षाही देता येणार नाही. ते दारात आलेल्या त्याच्या आईचं तोंड बघून कळत होतं. आणि पंधरा दिवसांपूर्वी मी एका दमात उत्तर दिलं असतं, दोन जण उठून ऐकायला आले असते.

म्हणालो, "आधी जेवून घे."

"पहले बताइए."

"थांब जरा," म्हणून खोलीत आलो. ते हे लिहितोय. दार उघडं आहे. तो अजून ताटावर बसलाय, हात कोरडाच. सौ. तूप वाढायला आली होती, वाटी घेऊन तशीच उभी आहे. टीव्ही चालू आहे, बंडूचं अजून काही ठरलेलं नाही.