टाकी सांडली त्या दिवशी

माय, चुलीवर दूध ठेवून विसरायचीस ती तूच, आणि मला शाळेत घालायचं विसरलीस तीही तूच. वर बसून आता मलाच विसरली नसशील म्हणजे मिळवली. मी बोलतेय, नात लिहितेय.

ही इंजिनिअरिंगला आहे. हिनं माझ्यासाठी एक डबी केली. दोन बटणं, काडेपेटीएवढा पडदा, आत नखाएवढी चिप. एका बटणानं अंक वाढतो, दुसऱ्यानं उतरतो. जेवढा अंक, तेवढी मिनिटं मोटार चालते, खालच्या हौदातलं पाणी चढून गच्चीवरची टाकी भरते. "आजी, दहा आला की थांब." मी दाबत गेले, पण बघत होते हिच्या तोंडाकडं. तोंड फुललं तसं बोट उचललं. "शाबास!" म्हणाली. मीही ऐटीत मान हलवली.

काल ही कॉलेजात होती. आमच्या उस्मानपुऱ्यात नळाला पाणी येतं ते सणासारखं. बघायला हिचं तोंड समोर नव्हतं, म्हणून दाराची बेल दाबावी तसं बटण दाबून धरलं. पडद्यावर काहीतरी पळत होतं, मला बरंच वाटलं. मग समोरची ओरडली, "ओ आजी, गल्लीत पूर आणला का? आमचे हंडे कोरडे हायेत इथं!" भिंतीवरचा मोटारीचा खटका आठवेपर्यंत निम्मा हौद नालीत.

संध्याकाळी पोरगी लॅपटॉप घेऊन बसली. डबी दुसऱ्या दिवशी सरांना दाखवायची होती. "आजी, माझाच प्रोग्रॅम चुकला." जेवली नाय, ओळ न् ओळ तपासत होती. आणि मी, माय, गुपचूप भाकरी थापत होते. दुसरी भाकर करपली तेव्हा बोलले, "चूक तुझी नाय. मला अंक वाचता येत नाय."

"मग नोटा?"

"रंगावरनं."

ही हसली नाय. तेच लई लागलं. मग मी सांगितलं, कन्नडच्या घरी तू दुधाच्या हिशोबाला भिंतीवर चुन्याच्या रेघा ओढायचीस. हिनं प्रोग्रॅम बदलला. आता एका दाबाला एक उभी रेघ, अंक कोपऱ्यात बारीक. आज सरांनी विचारलं, अंक एवढा बारीक का? म्हणाली, "वापरणारीला रेघा येतात." लाज हिनं झाकली, म्हणून जास्तच वाटली.

पत्ता काय घालू, विचारते. म्हटलं, राहू दे, पिठाच्या डब्याखाली ठेव. पडद्याच्या कोपऱ्यातला तो बारीक अंक मी चोरून बघते, माय. पाच ओळखू येतो आता. लिहिता लिहिता ही गालात हसतेय.

पित्रांत तुझं पान वाढीनच. तोवर स्वप्नात धपाटे पाठव, दही वेगळं बांध. आणि दोन जास्त टाक, लिहिणारी कालपासून नीट जेवली नाय.