माझ्या नावाची नळी

शनिवार, ३ एप्रिल २०२१

आजपासून मी वृद्धाश्रमात कामाला लागलो. मानसरोवर कॉलनीतली दुमजली कोठी आहे, पुढे कडुनिंब, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, आणि जिन्याखालची खोली माझी एकट्याची. खातीपुऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मला आजवर कधी स्वतःचा खिळासुद्धा नव्हता. इथे शर्ट टांगायला चार आहेत.

दहावी नापास मुलाला कोण काम देणार, असे बाबा म्हणत. पण या हिंदी मुलखात इथल्या सलोनी सिस्टरना मराठी बोलणाराच मुलगा हवा होता. वरच्या खोलीत दोन मराठी बायका राहतात आणि हिंदीत कितीही मनवले तरी त्या जेवत नाहीत. यमुनाआजी भुसावळच्या, त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते. मधुमतीकाकू साताऱ्याच्या, यजमान विमा कंपनीत अधिकारी. काकूंना अजिबात ऐकू येत नाही, समोरच्याचे ओठ पाहून समजते. दोघींना मीच वरणभात भरवला. माझे बोलणे ऐकून आजींनी विचारले, ही मराठी आहे की पाणी घातलेले दूध. मग तेच काकूंना हातवारे करून सांगितले, आणि दोघी इतक्या हसल्या की काकूंना उचकी लागली.

ताटे रिकामी पाहून सिस्टर म्हणाल्या, तू तर कमाल केलीस. मला असे आजवर कोणी म्हटले नव्हते.

मंगळवार, ६ एप्रिल

दर मंगळवारी इथल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची कोरोना तपासणी होते. खरे तर लॅबच्या रणजितने आमचे नमुने स्वतः घ्यायला हवेत, पण तो भीतीने फाटकाच्या आत येत नाही. नाव लिहिलेली नळी आणि काडी प्रत्येकाला देतो, आम्ही कोपऱ्यात जाऊन घशात काडी फिरवायची, नळीत टाकायची आणि झाकण लावून परत करायची. मी ओकारी काढत होतो, तेव्हा तो पलीकडून ओरडला की मराठा भैया, जरा दमाने, घसा आहे, किल्ला नाही. सगळे हसले. मीही हसलो.

स्वयंपाकी दशरथजींनी प्रणालीची गोष्ट सांगितली. ती इथे झाडलोट करायची. मार्चमध्ये तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तेव्हा तिला फाटकाबाहेर उभे केले आणि तिची पिशवी वरून टाकली. बरी झाल्यावरही परत घेतले नाही. सिस्टर वाईट नाहीत. त्यांचे म्हणणे, इथे सगळी म्हातारी माणसे, मतलब मी तरी काय करू.

मंगळवार, १३ एप्रिल

आज पाडवा. काकूंनी सकाळीच कडुनिंबाचा कोवळा पाला मागवला. गूळ आणि ओवा घालून मी तो वाटला आणि गोळ्या केल्या. दोघींना भरवल्या. आजींनी तोंड वाकडे करून सांगितले की सासूची आठवण झाली. मग मी खाल्ली.

कडू लागली नाही.

वाटले, गूळ जास्त पडला. खाली येऊन नुसता पाला चावला. ओला कागद चावावा तसे वाटले. फिनाइलची बाटली उघडून नाकाला लावली. त्यातही काही नाही.

तेवढ्यात रणजित आला. माझ्या नावाची नळी घेतली आणि मी कोपऱ्यात गेलो नाही, वर गेलो. काकूंचा डोळा लागला होता. आजी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. मी म्हणालो, आजी, आ करा. औषध असेल असे समजून त्यांनी लगेच तोंड उघडले. एकही दात नाही, तान्ह्या मुलासारख्या हिरड्या. मी त्यांच्या घशात काडी फिरवली. त्यांना ढास लागली, त्यांनी माझे मनगट घट्ट धरले, पण तोंड मिटले नाही. मी काडी काढून घेतल्यावरही त्या तशाच आ करून बसल्या होत्या, औषधाची वाट पाहत.

मी त्यांना पाणीसुद्धा दिले नाही.

बुधवार, १४ एप्रिल

रिपोर्ट निगेटिव्ह. सिस्टरनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली की स्वप्नीलकडून शिका, मास्क कधी नाकाखाली येत नाही. फक्त काकूंशी बोलताना मी तो उतरवतो, आणि तेही सिस्टरच्याच सांगण्यावरून. मी मान खाली घातली. त्यांना ती नम्रता वाटली.

अंगात कणकण आहे. दोन्ही वेळा दोघींना भरवले. नाही कसे म्हणू? कारण विचारले असते.

रविवार, १८ एप्रिल

यमुनाआजींनी घास तोंडात घेऊन विचारले, पोरा, आज वरणात मीठ विसरलास का.

मीठ होते.

संध्याकाळी त्यांना ताप भरला.

मंगळवार, २० एप्रिल

आजी पॉझिटिव्ह. त्यांना कोपऱ्यातल्या खोलीत हलवले. शहरात कुठेच खाट मिळत नाही. सिस्टर दिवसभर फोनवर रडकुंडीला आल्या होत्या. आणले कोणी, आणले कोणी, हेच बोलत होत्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, एक तू तरी साफ आहेस, काकूंना आता फक्त तूच बघ.

आज मी काडी माझ्याच घशात घातली. रक्त येईपर्यंत फिरवली. येऊ दे पॉझिटिव्ह. टाकू देत माझी पिशवी बाहेर.

बुधवार, २१ एप्रिल

निगेटिव्ह.

शुक्रवार, २३ एप्रिल

सकाळी आजी गेल्या. मी दारातच उभा राहिलो, आत गेलो नाही. त्यांचे तोंड उघडे राहिले होते. सिस्टरनी हनुवटीखालून फडके बांधले, ते सुटले. पुन्हा बांधले, पुन्हा सुटले. तसेच नेले.

काकूंना सांगितलेले नाही. त्यांनी विचारले, यमुना कुठे आहे. मी मास्क उतरवून ओठांनी खोटे सांगितले की मुलाकडे गेल्या.

मंगळवार, २७ एप्रिल

काडी घशात घातली. ढास लागली नाही. काडी दातांना कुठेही लागली नाही — मऊ हिरड्यांवरून गेली. जिभेने चाचपून पाहिले. माझे दात आहेत. सगळे आहेत.

आणि मनगट कुणीतरी धरले होते. काडी बाहेर काढली तेव्हा सोडले. बोटांचे पांढरे वळ बराच वेळ होते —

गुरुवार, २९ एप्रिल

कालचा रिपोर्ट निगेटिव्ह. दशरथजी तापाने पडले.

सिस्टरना सगळे सांगितले. पाला, नळी, आजींचे तोंड, सगळे. रडलो. त्यांनी माझेच रिपोर्ट माझ्यापुढे धरले. म्हणाल्या, आजींवर तुझा जीव होता, म्हणून मन असले काही रचते. हे बाहेर बोलू नकोस, लोक कुलूप लावतील आश्रमाला. जा, काकू थांबल्या आहेत.

लाज वाटते हे सांगायलाही कोणी उरले नाही.

मंगळवार, ४ मे

रणजितच्या पाया पडलो. आज तू स्वतः घे, तुझ्या हाताने. तो अंग चोरत आत आला. मी आ केले. त्याने आत पाहिले, काडी फिरवली आणि एकदम हळुवार आवाजात म्हणाला की झाले हं अम्मा, आता मिटा तोंड.

मग दचकला. कान पकडले. म्हणाला, उन्हाने डोके फिरले, भैया —

तो धावतच गेला.

बुधवार, ५ मे

निगेटिव्ह. नेहमी तेच येणार. माझ्या नावाने आजींचाच घसा —

खोलीचे दार आतून लावून घेतले आहे. काकूंना अजून ताप नाही. त्या एकट्या तरी —

गुरुवार, ६ मे

सिस्टर दाराबाहेर. काकूंनी कालपासून घास घेतला नाही, पाणीही नाही. म्हणतात, तुझा हट्ट त्यांचा जीव घेईल. पायच उठले. मी नाही उठलो.

वर आहे. ताट मांडीवर. मास्क उतरवणार नाही. त्यांना वाचता येते म्हणून वही आणली. हे त्यांच्यासाठी —

काकू, जेवा. मी आजारी आहे, मास्क काढता येणार नाही.

वाचले. हसल्या. माझा गाल कुरवाळून विचारतात, यमुने, किती दिवस गं लावलेस.

काकू, मी स्वप्नील. जवळ येऊ नका.

वाचत नाहीत. माझ्याकडेच बघतात. त्यांची बोटे मास्कच्या दोरीला —

काकू, मागे सरा. मास्क सुटला, माझे तोंड उघडते आहे, मी उघडत नाही, मिटत नाही, काकू, तुम्ही आ करू