आईचं सूप त्याच्या टाचेखाली

रविवार, गोंडपिपरी

डोकं अजून तापलेलंच आहे. दादा शिल्पकार झाला, म्हणून घरातलं काहीही न विचारता उचलून न्यायचं का? काल चंद्रपूरच्या हॉलमध्ये त्यानं जुन्या सुपांचं मोठं झाड उभं केलं. मग लोकांसमोर एकेक सूप काढून त्याच्यावर नाचला. पायानं! आपल्याकडे सुपाले चुकून पाय लागला तरी पाया पडतात. जन्मल्यावर ह्यालेही आईनं सुपातच ठेवलं होतं ना?

काठाले हिरवी चिंधी शिवलेलं आमचं सूप मी लगेच ओळखलं. आईनंही. "हे माझ्या आईचे कष्ट," असं माईकवर सांगून त्यानं त्याच्यावर टाच हाणली. टाळ्या काय पडल्या! आई हळूच म्हणे, "बाई, मले विचारलं असतं त दुसरं आणून देलं असतं." सूप पार मोडलं, अन् हिरवी चिंधी उसवून त्याच्या टाचेले चिकटून राह्यली होती. त्याले पत्ताच नाई.

आज ऐटीत जेवाले बसला. पहिल्याच घासाले खडा कचकन दाताखाली आला.

"काऊन वं, तांदूळ पाखडले नाई का?"

"कशात पाखडू?" मी म्हटलं, अन् त्याले अजून भात वाढला.